भिंत आधी, कॅमेरा नंतर: कौटुंबिक छायाचित्रे छापून आणि फ्रेम करून देण्याच्या व्यवसायातील कामाचा क्रम

कौटुंबिक छायाचित्रांचे काम करणाऱ्या बहुतेक स्टुडिओंत कामाचा क्रम ठरलेला असतो. तारीख ठरते, फोटो काढले जातात, सगळे फोटो पेन ड्राइव्हवर दिले जातात आणि शेवटी ‘एखादी मोठी फ्रेम करून देऊ का?’ असे विचारले जाते. तोपर्यंत ग्राहकाच्या हाती सर्व फोटो पडलेले असतात, पैसे देऊन झालेले असतात आणि फ्रेम हा वरखर्च वाटू लागतो. एखाद्याने होकार दिला तरी नवी अडचण उभी राहते, कारण फोटो कोणत्या आकारासाठी काढायचा हे आधी ठरलेले नसल्याने तो हव्या त्या मापात बसत नाही. छापील चित्र हेच ज्यांच्या व्यवसायाचे मुख्य उत्पादन आहे, त्यांनी हा क्रम उलटा करावा. प्रथम भिंत, मग चित्राचा आकार, मग छायाचित्रण, आणि त्यानंतर निवड, छपाई व फ्रेम, याच क्रमाने पुढील टप्पे मांडले आहेत.

## टप्पा १: पहिला ग्राहक घेण्यापूर्वी

नमुने. जे विकायचे आहे ते स्टुडिओत प्रत्यक्ष टांगलेले असावे. १२×१८ इंचांची, २०×३० इंचांची आणि एक त्याहून मोठी, अशा किमान तीन मापांच्या फ्रेम, एक कॅनव्हास (कापडावर छापून लाकडी चौकटीवर ताणलेले चित्र) आणि एक अल्बम एवढे नमुने सुरुवातीला पुरतात. लहान नमुने दाखवून मोठ्या फ्रेमची ऑर्डर मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण ग्राहक जे पाहतो त्याच मापात विचार करतो.

लॅब आणि फ्रेमवाला. दोन लॅबकडून एकाच फाइलच्या प्रिंट काढून घ्याव्यात. त्या फाइलमध्ये गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचे चेहरे, पांढरा सदरा, काळे केस आणि गडद साडी असावी. दोन्ही प्रिंट खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहाव्यात. फ्रेमवाल्याकडून एक फ्रेम करून घेऊन ती मागून उघडून पाहावी. तो फोटो कशाने चिकटवतो, काच आणि कागद यांत अंतर ठेवतो की नाही, पाठीला कोणता बोर्ड लावतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्याकडे काम सोपवू नये.

स्क्रीन. ‘प्रिंट काळपट आली’ या तक्रारीचे मूळ बहुतेकदा लॅबमध्ये नसून स्टुडिओच्या अतितेजस्वी स्क्रीनमध्ये असते. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजेड जुळवण्याच्या उपकरणाने स्क्रीनचा पांढरा बिंदू (पांढऱ्या रंगाची छटा) ६५०० केल्व्हिनवर आणि तेजस्विता साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर या मर्यादेत आणावी, आणि ही जुळणी दर महिन्याला पुन्हा करावी.

दर. दरपत्रक शेजारच्या स्टुडिओचे पाहून न करता खर्चावरून करावे. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, २०×३० इंचांची प्रिंट ९०० रुपयांना, फ्रेम २,६०० रुपयांना आणि पॅकिंग व वाहतूक ३०० रुपयांना पडते. म्हणजे ३,८०० रुपये झाले. खराब प्रिंट आणि फुटलेली काच यांसाठी त्यावर दहा टक्के धरले की ४,१८० होतात. भेट, छायाचित्रण, निवड, दुरुस्ती, फ्रेमवाल्याकडच्या फेऱ्या आणि टांगणी मिळून दहा तास जातात, आणि भाडे, वीज, पगार व उपकरणांची झीज धरून स्टुडिओचा एक तास ४०० रुपयांना पडतो असे मानले, तर आणखी ४,००० रुपये होतात. एकूण ८,१८० रुपये, आणि यात नफ्याचा एक रुपयाही नाही. प्रिंट आणि फ्रेमचा खर्च दुप्पट करून ७,००० रुपये सांगणारा छायाचित्रकार प्रत्येक फ्रेममागे तोटा सोसत असतो. वर्षभर हात रिकामे नसतानाही खाते रिकामे राहते, त्याचे कारण हेच.

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. त्या मर्यादेजवळ आल्यावर दरात कर धरला आहे की वेगळा लागेल, हे दरपत्रकावर स्पष्ट लिहावे.

## टप्पा २: भिंतीचे माप आणि चित्राचा आकार

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

शक्य असल्यास ग्राहकाच्या घरी जावे. ते जमत नसेल तर पुढील पद्धत वापरावी. ग्राहकाला एक ए-फोर कागद भिंतीवर चिकटवून, समोर सरळ उभे राहून, संपूर्ण भिंतीचा फोटो काढून पाठवण्यास सांगावे. या कागदाची लांब बाजू २९.७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेबारा इंच असते. त्यावरून भिंतीची, सोफ्याची आणि स्विचबोर्डपर्यंतच्या जागेची मापे घरी न जाताही काढता येतात.

सोफ्याच्या वर चित्र लावायचे असल्यास चित्राची किंवा चित्रसमूहाची एकूण रुंदी सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश असावी. सात फुटी सोफा म्हणजे ८४ इंच; त्यावर ५६ इंचांच्या आसपासची मांडणी शोभते. एवढ्या जागेत १२×१८ इंचांची एकटी फ्रेम लावली तर ती भिंतीवर हरवून जाते, आणि ग्राहकाला नेमके काय खटकते हे सांगता आले नाही तरी खटकत राहते.

दुसरा निकष चेहऱ्याच्या मापाचा आहे आणि तो जवळपास कोणीच वापरत नाही. समजा, बारा जणांचे एकत्र कुटुंब दोन रांगांत आहे. दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून चौकटीची रुंदी प्रत्यक्षात बारा फूट, म्हणजे १४४ इंच होते. हे चित्र १८ इंच रुंद छापले तर प्रत्येक गोष्ट आठपट लहान होते, आणि हनुवटीपासून डोक्यापर्यंत सुमारे नऊ इंचांचा चेहरा जेमतेम सव्वा इंचाच्या आत येतो. समोरच्या खुर्चीत बसलेल्या आजीला त्यात नातवंडांचे हसू दिसणार नाही. तेच चित्र ३० इंच रुंद केले तर चेहरा जवळजवळ दोन इंचांचा होतो. माणसे जितकी जास्त तितके चित्र मोठे लागते, हे ग्राहकाला याच हिशेबाने दाखवावे. त्याच्या गळी महाग वस्तू उतरवली जात आहे असे मग त्याला वाटत नाही.

शेवटी ठरलेल्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून किंवा जोडून, रंगकामाच्या चिकटपट्टीने भिंतीवर दोन दिवस लावून ठेवण्यास सांगावे. घरातील सगळ्यांनी तो येताजाता पाहिला की मापाबद्दलचा वाद छायाचित्रणापूर्वीच मिटतो.

सावधान: आकार ठरताना लांबी-रुंदीचे गुणोत्तरही ठरते. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांची चौकट ३:२ असते. १२×१८, १६×२४ आणि २०×३० ही मापे त्यात पूर्ण बसतात. ८×१० आणि १६×२० ही मापे ५:४ असल्याने आडव्या फोटोच्या रुंदीतून एक षष्ठांश भाग कापला जातो. चौकट भरून काढलेल्या फोटोतून मग टोकाच्या काकांचा खांदा जातो, आणि ते लॅबमध्येच लक्षात येते.

तपासणी: भिंतीचे माप, चित्राचे माप, गुणोत्तर, आडवे की उभे, आणि काच की कॅनव्हास, या पाच गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय छायाचित्रणाची तारीख देऊ नये.

## टप्पा ३: लेखी करार

एक पान पुरते, पण ते हवेच. छायाचित्रणाचे शुल्क किती, त्यात काय येते, छापील चित्रांचे दर, आगाऊ रक्कम, तारीख बदलल्यास काय, आणि काम किती दिवसांत मिळेल, हे त्यात असावे.

कॉपीराइटबद्दल छायाचित्रकारांत मोठा गैरसमज आहे. ‘फोटो मी काढला, म्हणून हक्क माझा’ असे सर्रास मानले जाते. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन सांगितल्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, ते काढून घेणारी व्यक्ती असते. म्हणून हक्क कोणाकडे राहतील आणि ग्राहकाला स्वतः प्रिंट काढण्याची किती मोकळीक असेल, हे करारात लिहावेच लागते. आपल्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर फोटो वापरण्याची परवानगी वेगळ्या सहीने घ्यावी. मुलांच्या बाबतीत पालकांची सही घ्यावी, आणि कोणी नकार दिला तर दुसऱ्यांदा विचारू नये.

## टप्पा ४: कुटुंबाची तयारी

छायाचित्रणाच्या किमान आठवडाभर आधी सूचनांचे पान पाठवावे. ते आदल्या रात्री पाठवले तर कपडे आधीच ठरलेले असतात.

- सर्वांनी एकाच रंगाचे कपडे घालण्याऐवजी जवळपासच्या तीन-चार रंगांत राहावे. बारीक चौकडी आणि बारीक रेघांचे सदरे टाळावेत, कारण फोटोत त्यांवर लहरी उमटतात.
- पैठणी किंवा जरीकाठाची साडी असेल तर आधी कळवावे, म्हणजे प्रकाशाची मांडणी त्यानुसार करता येते.
- लहान मूल असेल तर वेळ त्याच्या झोपेवरून आणि खाण्यावरून ठरवावी, मोठ्यांच्या सोयीवरून नव्हे.
- गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी हातांची, उंच बैठकीची खुर्ची तयार ठेवावी.

घरातील गेलेल्या माणसाला संगणकावर कुटुंबाच्या फोटोत बसवून द्या, अशी मागणी अनेकदा येते. तिचा आदर करावा, पण जुन्या, अंधूक फोटोतील चेहरा नव्या प्रकाशात जोडला की तो परका दिसतो आणि घरच्यांनाच त्रास होतो. त्याऐवजी त्यांचा जुना फोटो नीट दुरुस्त करून त्याच पट्टीच्या, म्हणजे तशाच कडेच्या फ्रेममध्ये शेजारी लावण्याचा पर्याय सुचवावा. तो अधिक टिकतो आणि अधिक खरा वाटतो, असे माझे ठाम मत आहे.

## टप्पा ५: छायाचित्रण

ठरलेल्या मापांचा कागद समोर ठेवून सुरुवात करावी. सर्वांत मोठे चित्र ज्या फोटोचे होणार आहे तो फोटो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत काढावा. तेव्हा आजी-आजोबा थकलेले नसतात, मुले कंटाळलेली नसतात आणि साड्यांच्या निऱ्या जागेवर असतात. त्यानंतर आजी-आजोबांचा जोडफोटो, नातवंडांसह त्यांचा फोटो, प्रत्येक लहान कुटुंब आणि शेवटी एकेकट्यांचे फोटो घ्यावेत.

फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स वापरावी. जागा कमी म्हणून २४ मिलिमीटरची लेन्स लावली तर कडेच्या माणसांचे चेहरे आणि दंड ताणलेले दिसतात, आणि ३० इंचांच्या प्रिंटवर ते लपत नाही. दोन रांगांसाठी ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/८ च्या आसपास ठेवावे, फोकस पुढच्या रांगेतील डोळ्यांवर घ्यावा आणि मागची रांग शक्य तितकी पुढच्या रांगेला खेटून उभी करावी. चष्म्यावर चमक येत असेल तर दिवा वर न्यावा आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून काचा खाली झुकवाव्यात. चष्मा काढायला सांगू नये. जरीवर पांढरे डाग उमटत असतील तर मोठा सॉफ्टबॉक्स (कापडी आवरणातून मऊ प्रकाश देणारा दिवा) बाजूला सरकवून प्रकाशाचा कोन बदलावा.

मोठ्या समूहाचे किमान पंधरा फोटो कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता काढावेत. मग एका फोटोत डोळे मिटलेल्या माणसाचा चेहरा दुसऱ्या फोटोतून घेता येतो.

सावधान: कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना चारही बाजूंना सुमारे दोन इंच चित्र मागे वळते. त्यासाठी पायांच्या खाली आणि कडेच्या माणसांच्या बाजूला जास्तीची मोकळी जागा सोडावी.

तपासणी: कुटुंब निघण्यापूर्वी मुख्य फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून प्रत्येकाचे डोळे, कॉलर, मंगळसूत्र आणि पदर पाहावेत. लोंबणारा टॅग किंवा खिशातून डोकावणारा मोबाइल आत्ता एका मिनिटात निघतो, नंतर अर्धा तास घेतो.

## टप्पा ६: साठवण आणि निवड

त्याच दिवशी फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घ्याव्यात आणि तिसरी स्टुडिओबाहेर ठेवावी. या प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. निवडताना कठोर राहावे. ग्राहकाला दाखवायचे फोटो पंचवीस ते तीस असावेत. दोनशे फोटो दाखवले की तो निर्णयच पुढे ढकलतो.

## टप्पा ७: फोटो दाखवणे आणि ऑर्डर घेणे

फोटो व्हॉट्सॲपवर किंवा लिंकने आधी पाठवू नयेत. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर बारा चेहरे पाहून कोणीही ३० इंचांच्या चित्राचा निर्णय घेऊ शकत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर दाबून लहान झालेली फाइल कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात छापून आणते, आणि ती धुरकट प्रिंट आपल्या नावावर खपते.

ग्राहकाला स्टुडिओत बोलवावे आणि ज्यांच्या शब्दावर घरात निर्णय होतो त्यांनाही आणण्यास सांगावे. अनेक घरांत पैसे मुलगा देतो, पण होकार आईचा लागतो. तिच्याशिवाय झालेली बैठक पुन्हा घ्यावी लागते. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो, त्यामुळे २०×३० इंचांचे आडवे चित्र त्यावर खऱ्या मापात दाखवता येते. शक्य असल्यास ग्राहकाच्या भिंतीच्या फोटोत ते चित्र बसवूनही दाखवावे.

प्रथम मुख्य भिंतीचा फोटो ठरवावा, त्यानंतर लहान फ्रेम आणि शेवटी अल्बम. उलट क्रमाने गेल्यास अल्बममध्ये सर्व फोटो आले म्हणून भिंत रिकामी राहते. ऑर्डरच्या कागदावर प्रत्येक फोटोचा क्रमांक, माप, कागद, पट्टी आणि किंमत लिहून सही व किमान अर्धी रक्कम घ्यावी. डिजिटल फाइल द्यायच्या असतील तर ज्या फोटोंची छापील ऑर्डर आहे त्यांच्याच द्याव्यात आणि त्या कोणत्या मापापर्यंत छापता येतील हे लिहून द्यावे.

सावधान: दिवाळीपूर्वी फ्रेम हवी असणाऱ्यांसाठी दिवस उलटे मोजावेत. लॅबला पाच, प्रिंट पुन्हा काढावी लागल्यास आणखी पाच, फ्रेमवाल्याला सात, टांगणीला तीन, आणि त्याआधी निवड व बैठकीला दहा दिवस धरले तर छायाचित्रण महिनाभर आधी व्हायला हवे. त्या तारखेनंतर आलेल्या ग्राहकाला दिवाळीनंतरचीच तारीख सांगावी.

## टप्पा ८: दुरुस्ती आणि छपाईची फाइल

बारीक दुरुस्ती फक्त ऑर्डर झालेल्या फोटोंवर करावी. पुटकुळी, विस्कटलेली बट, सदऱ्यावरचा डाग काढावा. तीळ, व्रण आणि सुरकुत्या विचारल्याशिवाय काढू नयेत. माणसांना गोरे करण्याची जुनी सवय पूर्णपणे सोडावी. सावळ्या मुलीचा रंग उजळून दिलेली फ्रेम तिच्याच घरात वर्षानुवर्षे टांगलेली राहते, आणि ती तिला रोज काय सांगत असेल याचा विचार छायाचित्रकारानेच करायचा असतो.

फाइल तयार करण्याचा क्रम असा ठेवावा:

1. ठरलेल्या गुणोत्तरात कापून घ्यावी. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६०००×४००० पिक्सेलचा असतो. तो २०×३० इंचांवर प्रति इंच २०० पिक्सेल देतो आणि भिंतीवरच्या अंतरावरून ते पुरते. हातात धरून पाहायच्या अल्बमसाठी ३०० असावेत.
2. लॅबची आयसीसी प्रोफाइल (तिच्या यंत्रावर आणि कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) लावून स्क्रीनवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याचा अंदाज, पाहावा. गडद साड्या आणि केसांतील तपशील बुडत असतील तर फक्त सावल्या थोड्या उजळ कराव्यात.
3. अंतिम मापात आणल्यावरच शार्पनिंग (कडा ठळक करणे) करावे.
4. लॅब मागेल त्या रंगविस्तारात (फाइलमध्ये मावणाऱ्या रंगांच्या ठरलेल्या व्याप्तीत), बहुधा एसआरजीबीमध्ये, सर्वोच्च दर्जाची जेपेग फाइल द्यावी आणि लॅबला ‘ऑटो करेक्शन (यंत्राने आपोआप केलेला रंगबदल) बंद’ असे लेखी कळवावे.

तपासणी: मोठ्या प्रिंटपूर्वी त्याच कागदावर चेहऱ्यांच्या भागाची ८×१२ इंचांची चाचणी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात पाहावी.

## टप्पा ९: फ्रेम

फोटो फेविकॉलने हार्डबोर्डवर चिकटवण्याची पद्धत सोयीची असली तरी घातक आहे. पावसाळ्यात बोर्ड फुगतो, फोटोला फुगे येतात आणि तो कधीच सोडवता येत नाही. आम्लमुक्त माउंट बोर्डवर, म्हणजे आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्यावर, फोटो फक्त वरच्या कडेला कागदी पट्ट्यांनी लटकवावा, म्हणजे हवामानानुसार कागदाला हलायला जागा राहते. काच आणि फोटो यांत माउंटच्या, म्हणजे फोटोभोवतीच्या खिडकीसारख्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या, जाडीएवढे अंतर हवेच. काचेला टेकलेला फोटो दमट हवेत तिलाच चिकटतो. कोकण, मुंबई आणि गोव्यात काम करणाऱ्यांनी फ्रेमची पाठ कागदी टेपने पूर्ण बंद करावी आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणे लावावीत, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांतून हवा खेळती राहते. खूप मोठ्या फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक लावले तर वजन कमी होते.

## टप्पा १०: पोहोचवणे, टांगणे आणि नंतरची जबाबदारी

फ्रेम ताब्यात घेताना काचेच्या आतला केस, धुळीचा कण, कोपऱ्यांची जोडणी आणि मागची तार तपासावी. ग्राहकाच्या घरी हे दिसले तर परत न्यावेच लागते.

टांगण्याचे काम स्वतः करावे किंवा आपल्या माणसाकडून करवून घ्यावे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा. सोफ्याच्या वर असेल तर फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर असावी. काँक्रीटच्या भिंतीत खिळा ठोकू नये. ड्रिल करून गट्टू आणि स्क्रू लावावेत आणि रुंद फ्रेमला दोन आधार द्यावेत. थेट ऊन पडणारी आणि पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळावी. ग्राहकाने तिचाच आग्रह धरला तर धोका सांगून तशी नोंद ऑर्डरच्या कागदावर करून ठेवावी.

काच पुसताना फवारा काचेवर न मारता कपड्यावर मारावा, ही एक सूचना तरी घरच्यांना करून दाखवावी, कारण खालच्या कडेतून आत गेलेल्या पाण्याने माउंट डागाळतो.

पहिला पावसाळा संपल्यावर प्रत्येक ग्राहकाला फोन करावा. काचेच्या आत धुके, बुरशीचे ठिपके किंवा फोटोला आलेल्या लाटा असे काही आढळले तर फ्रेम परत आणून उघडावी, कारण शोधावे, आणि प्रिंट आपल्या खर्चाने बदलून द्यावी. ती रक्कम दर ठरवताना धरलेल्या दहा टक्क्यांतूनच जाते. कोणत्या फ्रेमवाल्याचे, कोणत्या कागदाचे आणि कोणत्या भिंतीवरचे काम परत आले याची वही ठेवावी आणि पुढच्या ऑर्डरपूर्वी ती उघडून पाहावी.